पळसाच्या मागे काय आहे?

फुलाचा जवळून फोटो काढायला बसलात की आधी फुलाकडे पाहू नका. त्याच्या मागे काय आहे ते पाहा. चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात फुलांना तोटा नाही. माघात पळस आणि धायटी, फाल्गुनात काटेसावर आणि गणेर, चैत्रात मोह, वैशाखात बहावा, आणि पाऊस पडला की कळलावीपासून केन्यापर्यंत रानभर फुलेच फुले. इतके असूनही बहुतेकांचे फोटो एकसारखे दिसतात. फूल चौकटीच्या मधोमध, मागे काटक्यांचे जाळे, पांढरेफटक आकाश आणि कोपऱ्यात विजेची तार. फुलाचा आकार आणि रंग झाडाने ठरवलेले असतात. तुमच्या हाती राहते ती त्याची पार्श्वभूमी, त्यावर पडणारा उजेड आणि चौकटीच्या चार कडा. या तिन्हींतही पार्श्वभूमी पहिली, असे माझे ठाम मत आहे.

पळसच घ्या. फेब्रुवारीत त्याची पाने झडतात आणि मार्चपर्यंत उघड्या फांद्या केशरी होऊन जातात. नागभीड, ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरी या झाडीपट्टीच्या भागात जंगलातल्या उंच पळसापेक्षा शेताच्या धुऱ्यावरचा पळस फोटोला कितीतरी सोयीचा. पाना-काटक्यांसाठी तोडून तोडून तो बुटका राहिलेला असतो, फुलांचे घोस डोळ्यांच्या उंचीवर येतात, आणि मागे मोकळे शेत असते. मागची वस्तू फुलापासून जितकी लांब, तितकी ती विरघळून एकसंध रंग होते. म्हणून झाडाच्या पोटातला घोस सोडा आणि बाहेर झेपावलेल्या फांदीच्या टोकाचा धरा. मग त्या एकाच फांदीभोवती सावकाश अर्धी फेरी मारा. एका जागेवरून मागे कापणी झालेल्या धानाचे फिकट पिवळे धसकट येईल. दोन पावले डावीकडे सरकलात तर हरभऱ्याची हिरवी पट्टी. गुडघे वाकवले तर आकाश. धुऱ्यावर चढून खाली पाहिले तर बांधीतली काळपट माती. घोस तोच, पण हिरव्यावर त्याचा केशरी रंग उसळून येतो, धसकटावर मवाळ होतो आणि काळ्या मातीवर पेटतो. निळ्या आकाशावरचा पळस सगळ्यांनी काढलेला आहे. तो शेवटी काढा.

आता फुलाच्या जवळ जा. पळसाच्या पाकळ्या पाच. एक मागे ताठ उभी, दोन बाजूंना, आणि उरलेल्या दोन जुळून झालेली पुढची चोच, पोपटाच्या चोचीसारखी वळलेली. देठाशी गर्द तपकिरी, जवळजवळ काळा मखमली पेला. पाकळ्यांवर बारीक रेशमी लव असते आणि ती समोरून पाहताना दिसतच नाही. सूर्य फुलाच्या मागे, थोडा बाजूला घ्या, म्हणजे चोचीच्या कडेने त्या लवेची चंदेरी रेघ उमटते. एवढी एक रेघ फोटो उभा करते. मग पूर्ण घोस चौकटीत कोंबायची गरज उरत नाही. एक चोच, एक काळा पेला आणि मागे फिकट धसकट, एवढ्यात काम होते.

पळसाच्या रंगाने कॅमेरा फसतो, हे मात्र लक्षात ठेवा. एकूण उजेड बरोबर दिसतो, पण लाल रंगाची मर्यादा आधीच ओलांडली गेलेली असते आणि पाकळीवरच्या शिरा, घड्या, लव सगळे मिटून केशरी डाग उरतो. उजेड पाऊण ते एक पायरी कमी ठेवा. कॅमेऱ्यात तिन्ही रंगांचा वेगवेगळा आलेख दिसत असेल तर त्यातला लाल पाहा, तो उजव्या भिंतीला टेकता कामा नये. मोबाइलवर फुलावर बोट ठेवून उजेडाची पट्टी थोडी खाली ओढली की झाले. काटेसावरीच्या जाड लाल पाकळ्यांनाही हेच लागू. पांढऱ्या कुड्याला मात्र उलटे. गर्द सावलीत तो चौकट भरून असेल तर उजेड थोडा वाढवावा लागतो, नाहीतर तो मळका दिसतो.

उजेडाच्या बाबतीत हा मुलूख कडक आहे. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, पण मार्चमध्येच सकाळी नऊनंतरचे ऊन पाकळ्या चपट्या करून टाकते. उजाडल्यापासून साधारण साडेआठपर्यंतचा वेळ तुमचा. वाराही तेव्हाच पडलेला असतो, आणि जवळच्या फोटोत वारा हा उन्हापेक्षा मोठा शत्रू. उशीर झालाच तर सोबतीच्या माणसाला कामाला लावा. त्याला फुलाच्या मागे अशा जागी उभे करा की त्याची सावली फुलावर न पडता फुलामागच्या गवतावर पडेल. उन्हातले फूल आणि सावलीतली पार्श्वभूमी यांतला फरक कॅमेऱ्याला डोळ्यापेक्षा जास्त जाणवतो. मागचा सगळा पसारा काळोखात जातो आणि फूल एकटे उरते. त्याच माणसाने खांद्यावरचा दुपट्टा दोन हातांनी फुलावर धरला तर कडक ऊन गाळून मऊ होते. रंगीत दुपट्टा मात्र फुलावर आपला रंग टाकतो, म्हणून पांढरा बरा. फुलाच्या सावलीतल्या बाजूला वहीचे कोरे पान धरले की तेवढा उजेड परतून येतो.

साध्या पार्श्वभूमीची ताकद ज्याने जगाला दाखवली तो कार्ल ब्लॉसफेल्ट बर्लिनमध्ये कलाशाळेत शिकवत असे. विद्यार्थ्यांना आकार समजावेत म्हणून तो कळ्या, कोंब, वेलींचे ताणे साध्या पुठ्ठ्यासमोर ठेवून कित्येक पटींनी मोठे करून टिपायचा. १९२८ साली त्या फोटोंचे पुस्तक निघाले आणि वनस्पतींकडे पाहायची नजरच बदलली. त्याने फांद्या तोडून आणल्या होत्या. आपल्याला तोडायचे नाही, पण पुठ्ठा उचलायला हरकत नाही. वहीच्या आकाराचा एक करडा आणि एक काळा पुठ्ठा पिशवीत ठेवा. धायटीसारख्या गचपणीत वाढणाऱ्या झुडपाच्या मागे हातभर अंतरावर करडा पुठ्ठा धरला, की तिच्या लालभडक नळ्यांची ओळ कोरल्यासारखी सुटी होते. पुठ्ठा फुलाला चिकटवून धरलात तर त्यावर फुलाची सावली पडून सगळे खोटे दिसेल.

मोहाची गोष्ट वेगळी आहे, आणि या दोन जिल्ह्यांत फुलांचे फोटो काढणाऱ्याने मोहासाठी वेगळा वेळ राखलाच पाहिजे. फांदीच्या टोकाला तांबूस-तपकिरी, मखमली कळ्यांचा झुबका खाली लोंबत असतो. फूल म्हणजे मलईच्या रंगाचा, रसाळ, गोल मणी, आणि त्यातून बाहेर डोकावणारी लांब काडी. रात्री उशिरापासून सकाळपर्यंत हे मणी गळत राहतात. मणी गळतो, काडी मात्र झाडावर पेल्यासकट राहते. म्हणून खाली पडलेल्या फुलाला आरपार भोक असते आणि त्यातून आतले पुंकेसर दिसतात. मोहाचे दोन फोटो त्यामुळे पूर्ण वेगळे. एक झुबक्याचा, खालून वर पाहत काढलेला. त्यात आकाश टाळता येत नाही, तेव्हा ऊन कोवळे असतानाच काढा. उजेड वाढवत नेला की पांढरट आकाश कोऱ्या कागदासारखे होते आणि त्यावर तांबूस झुबका चित्रासारखा उमटतो. दुसरा फोटो जमिनीवरचा. कॅमेरा जमिनीला टेकवा, लेन्सचे छिद्र मोठे ठेवा, म्हणजे एफ ४ च्या आसपास, आणि पुढची-मागची सगळी फुले धूसर होऊ देऊन एकाच मण्यावर नजर रोखा. वाळून वळलेल्या पानाच्या खोळीत पडलेले एखादे फूल शोधा. तपकिरी पानाची कड चौकटीच्या आत आणखी एक चौकट करते. सूर्याची पहिली तिरीप समोरून आली तर रसाळ पाकळी आतून उजळते. ऊन चढले की फुले सुकून काळपट पडू लागतात, तेव्हा रेंगाळू नका.

त्या फुलांना हात लावण्याआधी एक गोष्ट जाणून घ्या. खाली पडलेला मोह कुणाच्या तरी घरचा असतो. कोणत्या झाडाखाली कोणी वेचायचे हे कित्येक गावांत पिढ्यान्पिढ्या ठरलेले आहे. टोपली घेऊन अंधारात निघालेल्या बाईला तुमच्या फोटोसाठी थांबायला लावू नका, फुलांवर पाय देऊ नका, आणि सुंदर दिसावीत म्हणून त्यांची मांडणी करू नका. वेचणाऱ्या हातांचा फोटो हवा असेल तर आधी विचारा आणि काढल्यावर तिथेच दाखवा. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले. त्यानंतर गडचिरोलीतल्या शेकडो ग्रामसभांकडे आपापल्या जंगलाचा कारभार आला. अशा जंगलात शिरण्याआधी गावात विचारणे हा शिष्टाचार तर आहेच, शिवाय रानात काय कुठे फुलले आहे हे तिथल्या माणसाइतके कुणाला ठाऊक नसते. झाडाखालचा पाचोळा जाळून काही ठिकाणी जमीन काळी केलेली दिसेल. त्या काळ्या जमिनीवर मलईरंगी फूल फार खुलते, हे खरे. पण त्याच आगी पसरून जंगल जाळतात. असे फोटो हवेत म्हणून कुणाला पाचोळा पेटवायला सुचवणे तर सोडाच, असा फोटो लोकांसमोर ठेवताना आगीबद्दल दोन शब्द लिहावेत असे मला वाटते.

आता सर्वांत महत्त्वाचे. मोह अस्वलालाही आवडतो आणि तेही पहाटेच येते. चंद्रपूर जिल्ह्यात वाघ फक्त ताडोब्यात नाहीत. ब्रह्मपुरी वनविभागातल्या शेतांच्या कडेला, झुडपी जंगलात, नाल्याच्या काठाने ते फिरतात, आणि मोह व तेंदूपत्त्याच्या हंगामात माणसांवर हल्ले होतात. त्यांत वाकून किंवा उकिडवे बसून काम करणारी माणसे अनेकदा सापडतात. फुलाचा जवळून फोटो काढणारा नेमका तसाच बसतो, तोही एक डोळा मिटून, दुसरा कॅमेऱ्याला लावून, आजूबाजूचे भान हरपून. म्हणून एकट्याने कधीही बसू नका. सोबतच्या माणसाने उभेच राहायचे, पाठ तुमच्याकडे आणि नजर रानाकडे. दाट झुडूप आणि नाल्याची घळ पाठीमागे ठेवून बसू नका. नीट उजाडल्याशिवाय गावाची वेस ओलांडू नका. जनावर कालपरवा कुठे दिसले ते गावात किंवा वनरक्षकाला विचारा. काही अंगावर येतेय असे वाटले तर कॅमेरा जमिनीवर सोडून सरळ उभे राहा आणि आवाज करत, पाठ न दाखवता मागे सरका. एवढे सगळे पाळूनही मन साशंक असेल तर त्या दिवशी गावातल्या मोहाखालीच बसा. फूल तेच असते.

घराजवळच्या फुलात कमीपणा नाही. इमोजन कनिंगहॅम या अमेरिकन छायाचित्रकर्तीने लहान मुले सांभाळताना घराच्या बागेतली फुले टिपली. तिचे १९२५ सालचे मॅग्नोलियाचे चित्र आजही जगभर पाहिले जाते. पाकळ्या उघडून चौकट भरून टाकणारे ते फूल पाहिले की पार्श्वभूमी पूर्ण काढून टाकणे हाही एक मार्ग आहे हे कळते. उलट ताडोब्याच्या कोअरमध्ये तुम्हाला जिप्सीतून उतरता येत नाही, मोबाइल नेता येत नाही आणि पावसाळ्यात कोअर बंद असते. जवळून फुले टिपायला ती जागाच नव्हे. सराव करायला गावची पांदण, तलावाची पाळ, शाळेचे आवार बरे. बल्लारपूरजवळ विसापूरला वनस्पती उद्यान आहे. तिथे निर्धास्त बसता येते.

पावसाळा हा माझ्या मते या कामाचा खरा हंगाम. ढगाळ उजेड सावल्या पुसतो, रंग ओले होतात, आणि पार्श्वभूमीला हिरवा रंग जागोजाग मिळतो. अडचण अशी की सगळेच हिरवे असते, त्यामुळे फूल सुटे करायला अंतर लागते. धानाच्या बांधावरचा केना पाहा. तण म्हणून सगळे उपटतात, काही घरांत भाजीला जातो, पण पोटावर आडवे होऊन पाहिलेत तर बोटाच्या नखाएवढ्या त्या फुलात दोन निळ्या पाकळ्या वर, एक लहानशी खाली, आणि मध्ये पिवळे ठिपके. दुपारपर्यंत ते मिटते. बांधावर असल्यामुळे त्याच्या मागे रोवणी झालेली बांधी थेट दूरवर पसरलेली असते. कॅमेरा फुलाच्या पातळीत आला की पाण्यातले आकाश आणि धानाची हिरवी छटा यांचा एक मऊ पट्टा मागे तयार होतो. उभ्याने खाली पाहून काढलेल्या फोटोत मात्र चिखल येतो. तीन फुटांचा फरक, पण फोटो दुसराच.

कळलावीसाठी कुंपणे आणि झुडपी जंगलाच्या कडा धुंडाळा. तिच्या सहा पाकळ्या मागे उलटून वर उभ्या राहतात, कडा लाटांसारख्या, आणि पुंकेसर आडवे चहूबाजूंना फाकलेले. मधली काडी एका बाजूला काटकोनात वळलेली. वरून पाहिले तर यातले काहीच दिसत नाही. बाजूने, फुलाच्या पातळीत या. काडी ज्या दिशेला वळली आहे तिकडे चौकटीत जागा सोडा. तिची पाने टोकाशी वेटोळी होऊन काटकीला धरतात. ते वेटोळे चौकटीच्या कोपऱ्यातून आत शिरले तर नजर आपोआप फुलाकडे चढते. एकाच वेलीवर हिरवट कळी, पिवळे-लाल फूल आणि पूर्ण लाल झालेले जुने फूल अशा तीन अवस्था सापडतात. तिन्ही एका प्रतलात आल्या की एका फोटोत फुलाचे सारे आयुष्य येते. झाडाचा प्रत्येक भाग विषारी आहे, हाताळू नका, चुकून हात लागला तर धुऊन टाका.

प्रतलाची गोष्ट निघाली म्हणून थोडे तंत्र. फूल प्रत्यक्षाएवढेच कॅमेऱ्यावर उमटेल इतके जवळ गेलात की एफ ८ वरसुद्धा जेमतेम एक मिलिमीटर स्पष्ट राहते. छिद्र एफ १६ केले तर दोन. त्यापुढे बारीक केल्यास सगळेच किंचित बोथट होऊ लागते. म्हणून स्पष्ट काय हवे ते आधी ठरवा, आणि कॅमेऱ्याची पाठ त्या भागाला समांतर धरा. कळलावीत पुंकेसरांची टोके, केन्यात पिवळे ठिपके, पळसात चोचीची कड. एवढे स्पष्ट असले की बाकीचे धूसर झालेले चालते, शोभतेही. खास मॅक्रो लेन्स घेणार असाल तर ९० ते १०५ मिलिमीटरची घ्या. ती पार्श्वभूमीचा अरुंद तुकडाच पकडते, त्यामुळे नको ते गाळणे सोपे जाते. पैसे कमी असतील तर असलेल्या लेन्समागे लावायच्या पोकळ नळ्या मिळतात. तिपाईपेक्षा धानाने अर्धी भरलेली कापडी पिशवी जमिनीलगत जास्त कामाची. मोबाइलवाल्यांनी मॅक्रोचा पर्याय निवडण्याआधी थांबावे. बहुतेक फोन तेव्हा रुंद कोनाची लेन्स वापरतात आणि मागचा सगळा पसारा आत ओढतात. दोन-तीन पट जवळ दाखवणारी लेन्स असेल तर ती निवडून हातभर मागे सरका.

बटण दाबण्याआधी नजर चौकटीच्या कडांवरून एकदा फिरवा. अर्धवट आलेली पाकळी, कडेला चमकणारे वाळके गवत, कोपऱ्यातला आकाशाचा पांढरा ठिपका, हे नजरेला फुलापासून ओढून नेतात. नको ते गवत तोडू नका, दोऱ्याने बाजूला बांधा आणि निघताना सोडा. चौकटीचे तीन भाग करून फूल रेघेवर ठेवावे, हा नियम सगळीकडे शिकवला जातो. जवळच्या फोटोत मी त्याला फार महत्त्व देत नाही. कमळासारखे चहूबाजूंनी सारखे फूल मधोमध शोभते. जुन्या मालगुजारी तलावांत अशी कमळे पुष्कळ. गाळात उतरण्यापेक्षा पाळीवरून लांब पल्ल्याच्या लेन्सने सावलीतले काळे पाणी मागे घेऊन काढावीत. एका बाजूला तोंड असलेल्या फुलाला मात्र समोर मोकळी जागा हवीच. एखादी मधमाशी, मुंगी, पाकळीच्याच रंगाचा खेकड्या कोळी आला तर रचना त्याच्याभोवती पुन्हा बांधा. फुलावर पाण्याचे फवारे मारून दव दाखवू नका. खरे दव बारीक आणि सारखे बसते, जाणकाराला फरक लगेच दिसतो.

घरी आल्यावर त्याच दिवशी महिना, तालुका, आणि गावातल्या माणसाने सांगितलेले झाडाचे नाव फोटोबरोबर लिहून ठेवा. मोहाच्या किंवा ऐनाच्या खोडावर फुललेली आमरी सापडली असेल तर तालुक्याच्या पुढे ठिकाण सांगू नका, आमऱ्या ओरबाडून नेणारे लोक असतात. मोबाइल फोटोसोबत जागेची नोंद आपोआप ठेवतो. ती सोय कॅमेऱ्याच्या सेटिंगमधून रानात जाण्याआधीच बंद करा.